परीक्षेची भीती मोजता येते का?

ताप थर्मामीटरने मोजतात, उसाचे वजन काट्यावर होते. मग परीक्षेची भीती कशाने मोजायची? मानसशास्त्राचे उत्तर सरळ आहे : ज्याला भीती वाटते त्यालाच विचारायचे.

विचारण्याची रीत मात्र ठरलेली असते. अमेरिकेत मँडलर आणि सारासन यांनी १९५२ साली परीक्षाचिंतेसाठी प्रश्नावली वापरली. पुढे १९८० मध्ये स्पीलबर्गर यांची २० विधानांची मापनी आली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते चार पर्यायांतून निवडायचे; त्याला १ ते ४ गुण. म्हणजे बेरीज २० ते ८० च्या दरम्यान येते. नंतर तिची पाचच विधानांची छोटी आवृत्तीही निघाली.

या मापनीत चिंतेचे दोन भाग धरले आहेत. हात थरथरणे, पोटात गोळा येणे हा एक. नापास होण्याचा विचार पेपर लिहितानाही डोक्यात घोळत राहणे हा दुसरा. कमी गुणांशी अधिक संबंध आढळतो तो या दुसऱ्याचा. कारण उत्तर आठवायला लागणारे लक्षच तो खाऊन टाकतो.

आकड्याला मर्यादाही आहेत. सुट्टीनंतर भरलेला कागद आणि पेपरच्या आदल्या रात्री भरलेला कागद सारखा नसतो. वर नाव लिहायचे असेल तर खरे लिहिताना हात आखडतो. शिवाय आमच्या उचगावात कोणी ‘मी चिंताग्रस्त आहे’ असे म्हणत नाही. ‘जिवाची घालमेल होतीया’ म्हणतात. म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही, मराठी मापनी इथल्या विद्यार्थ्यांवर पुन्हा तपासून घ्यावी लागते. आणि बेरीज मोठी आली म्हणजे आजार झाला असेही नव्हे. विचारपूस करायला हवी, एवढीच ती खूण.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई म्हणते, “अभ्यास केलाईस न्हवं, मग भ्यायचं कशाला?” तिला कसे सांगू, की माझी भीती प्रश्नपत्रिकेची कमी आणि नापास झाल्यास शिक्षण थांबेल याची जास्त आहे? प्रश्नावली भीती किती ते सांगते. का, ते माणसानेच विचारावे लागते. पण वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगीही कागदावर खूण करते, हा तिचा मोठा उपयोग.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, असा कागद हाती आला तर खरे तेच लिहा. घालमेल फार वाढली तर प्राध्यापकांशी बोला, किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला.