पसंतीक्रमातील लबाडी

सामूहिक निर्णयात आपली खरी पसंती लपवून निकाल स्वतःला हवा तसा वळवणे, यालाच व्यूहात्मक मतदान म्हणतात. महाराष्ट्रात 2017 पासून, मधला 2020 ते 2022 चा काळ वगळता, सरपंच थेट जनतेतून निवडला जातो; तिरंगी लढतीत आवडता उमेदवार पडणार हे दिसताच मतदार नावडत्याला रोखण्यासाठी दुसऱ्यालाच मत देतो, ते याच प्रकारचे असते.

मतदाराला सर्व पर्यायांचा क्रम लावू दिला, तरी ही अडचण सुटत नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यातील कुंभिवलीसारख्या गावाच्या ग्रामसभेत पंधरा जणांनी नळपाणी, रस्ता आणि अंगणवाडीची खोली यांना पसंतीनुसार 2, 1 व 0 गुण द्यायचे आहेत, अशी कल्पना करावी. या पद्धतीला अठराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ बोर्दा यांचे नाव आहे. आठ जणांचा क्रम पाणी, रस्ता, खोली आणि सात जणांचा रस्ता, पाणी, खोली असा असेल, तर पाण्याला 23 व रस्त्याला 22 गुण मिळतात. मात्र सातांपैकी दोघांनी मुद्दाम पाणी तळाला टाकले, की पाणी 21 वर घसरते आणि बहुसंख्यांची इच्छा डावलून रस्ता जिंकतो.

गिबर्ड (1973) आणि सॅटरथ्वेट (1975) या अभ्यासकांनी सिद्ध केले, की तीन किंवा अधिक पर्याय जिंकू शकत असतील आणि निकाल चिठ्ठीवर सोडलेला नसेल, तर एकाच व्यक्तीची हुकूमशाही वगळता प्रत्येक पद्धतीत अशा लबाडीला वाव उरतो. दोनच पर्यायांत साध्या बहुमताने निर्णय होतो तेव्हा मात्र खोटे मत देऊन काहीच साधत नाही. म्हणूनच मोकळ्या चर्चेतून पर्याय दोनांवर आणणे आणि ती चर्चा प्रामाणिक राखणे, ही ग्रामसभेची मोलाची जबाबदारी ठरते.