करिबाच्या मधल्या पाण्यातला मासा

कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाबद्दल वाचताना करिबा हे नाव मला प्रथम भेटले. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतात का, या चर्चेत ही दोन नावे शेजारी येतात. पुढे मात्र भूकंप मागे राहिला आणि मी तिथल्या माशांत गुंतलो.

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर, झांबेझी नदीवरचे हे धरण १९५९ मध्ये उभे राहिले. जलाशय सुमारे ५,४०० चौरस किलोमीटरचा. त्यापायी सुमारे ५७,००० टोंगा लोकांना गावे सोडावी लागली. नदीतले मासे काठाच्या उथळ पाण्यालाच धरून राहिले. मधल्या खोल पाण्यातले प्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, खाणारा मासाच तिथे नव्हता. म्हणून १९६७-६८ मध्ये टांगानिका सरोवरातून कापेंटा हा बोटाएवढा मासा आणून सोडला. तो टिकला, वाढला.

त्याचे अन्न ऋतूवर अवलंबून असते. उन्हाळ्यात वरचे ऊबदार पाणी तळाच्या गार पाण्यावर झाकणासारखे बसते. पोषकद्रव्ये खाली अडकतात. तिथली थंडी जून-जुलैची. तेव्हा वरचे पाणी गार होऊन खालच्यात मिसळते, पोषकद्रव्ये वर येतात आणि प्लवक वाढते.

कापेंटा रात्री दिव्यांच्या उजेडात जमवून जाळ्याने उचलतात. त्यासाठी तराफा, इंजिन, जनित्र, म्हणजेच भांडवल लागते. मधल्या पाण्यातली रिकामी जागा मासा सोडून भरता आली. ज्यांची जमीन बुडाली, त्या टोंगांच्या वाट्याला मात्र बहुतांशी काठावरची मासेमारीच राहिली.