वृद्ध रुग्णाची हेळसांड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऐंशीच्या घरातील आई किंवा वडील रुग्णालयात शय्याव्रणे चिघळून दगावले, अथवा रात्री खाटेवरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले, म्हणजे जमलेले आप्तेष्ट ‘वयच झाले होते’ एवढे म्हणून सारा प्रश्न मिटवतात. आणि या समजुतीने शोकाला आवर पडतो हे मान्य करूनही स्पष्ट सांगितले पाहिजे की, वार्धक्य ही कायद्याने मान्य केलेली सबब नव्हे. रुग्णास दाखल करून घेतल्या क्षणापासून त्याची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य रुग्णालयावर येते, आणि ती काळजी किती असावी हे रुग्णाच्या अवस्थेवरून ठरत असल्यामुळे, ज्याला स्वतः कूस पालटता येत नाही वा तहान लागली हेही सांगता येत नाही, अशा वृद्धाच्या बाबतीत ते कर्तव्य अधिकच कडक होते. मृत्यू आजाराने झाला की हेळसांडीने, हे अर्थातच पुराव्याने ठरवावे लागते.

वयाचा परिणाम होतो तो प्रामुख्याने नुकसानभरपाईच्या रकमेवर. जमशेदपूरच्या अग्निकांडासंबंधीच्या लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली 34 ते 59 वयाच्या गृहिणींच्या सेवेचे मोल वर्षाला 36,000 रुपये, तर 62 ते 72 वयाच्या वृद्ध स्त्रियांच्या सेवेचे 20,000 रुपये धरले. माणसाचे मोल त्याच्या कमाईवर वा कामावर मोजणारी ही रीत मला वृद्धांवर अन्याय करणारी वाटते. तथापि रक्कम कमी झाली तरी कसूर कमी होत नाही.

डॉक्टरला कैद झाली तरच दाद मिळाली, हा दुसरा समज. 1995 च्या फेब्रुवारीत लुधियानाच्या एका रुग्णालयात कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णास रात्री श्वास घेणे कठीण झाले. फिर्यादीप्रमाणे डॉक्टर येण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागली, जोडलेले ऑक्सिजनचे सिलिंडर रिकामे निघाले, आणि मुलाने शेजारच्या खोलीतून आणलेले दुसरे सुरू करण्याची तजवीजच तेथे नव्हती. ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई रद्द केली, कारण शिक्षेसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. पण सिलिंडर नसण्याबद्दल रुग्णालय दिवाणी कायद्याने जबाबदार ठरू शकेल की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम खुला ठेवला. वृद्धांची हेळसांड बहुधा याच जातीची असते, म्हणजे एका इसमाच्या हातून घडलेल्या गुन्ह्यापेक्षा व्यवस्थेचा ढिसाळपणा तिच्या मुळाशी असतो, आणि म्हणून तिची दाद पोलीस ठाण्यापेक्षा ग्राहक आयोगापुढे मागणे अधिक सयुक्तिक.

तेथे कोणत्या डॉक्टरची वा परिचारिकेची चूक झाली हे नावानिशी सांगावे लागते, असेही मानले जाते. सविता गर्ग प्रकरणात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, डॉक्टरला पक्षकार केले नाही एवढ्या कारणाने तक्रार फेटाळता येत नाही. प्राथमिक पुरावा पुढे आला की आपण कसूर केली नाही हे दाखवण्याचा भार रुग्णालयावर येतो. संमतीपत्रावरील सहीचा बाऊही व्यर्थ आहे, कारण ती उपचारातील जोखमीला दिलेली संमती असते, हलगर्जीपणाला दिलेली माफी नव्हे.

मोफत उपचाराबाबत मात्र भेद ध्यानात घ्यावा. 1995 च्या शांता प्रकरणातील निकालाप्रमाणे, जेथे काही रुग्णांकडून शुल्क घेतले जाते तेथील फुकट उपचार घेणारा रुग्णही ग्राहक ठरतो. जेथे सर्वांनाच उपचार मोफत, तेथील तक्रार ग्राहक आयोगापुढे चालत नाही, पण दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा राहतो.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. रुग्ण हयात नसल्यास वारसांना ती करता येते, स्वतः राहतात त्या जिल्ह्यातही करता येते, आणि रुग्णालयास चुकती केलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांप्रमाणे मागणी केल्यावर 72 तासांत केसपेपर मिळावयास हवेत. तेव्हा ती मागणी लेखी करावी, तिची पोच घ्यावी आणि शक्य तर रुग्ण रुग्णालयात असतानाच करावी.