कानात राहिलेली चीज

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पाटणकर बाजारात एखाद्या वृद्ध रसिकाला तरुणपणीच्या मैफलींविषयी विचारावे, तर तो वर्णन बाजूस सारून चीजच गुणगुणू लागेल. याचे मर्म ग्वाल्हेर गायकीत आहे. या पद्धतीत गवई अस्ताई व अंतरा आरंभीच नीट भरून म्हणतो, आलाप-ताना त्यानंतर. साहजिकच नवख्या श्रोत्यालाही चीज घरी नेता येते.

ध्वनिमुद्रण नव्हते तेव्हा तरुणाचा कान हीच वही होती. हद्दूखाँ-हस्सूखाँ या बंधूंनी शिंद्यांच्या दरबारी पडद्याआड बसून बडे महंमदखाँचे गाणे ऐकले आणि त्यांच्या ताना उचलल्या, अशी आख्यायिका आहे. याला चोरी म्हणावे की अभ्यास, हे ज्याचे त्याने ठरवावे! त्या ताना मात्र आज कोणालाच मूळ कंठातून ऐकता येत नाहीत. कृष्णराव शंकर पंडितांचे (१८९३–१९८९) गाणे सुदैवाने मुद्रित झाले. तथापि त्यांना समोर बसून ऐकलेले श्रोते आता विरळ होत चालले आहेत. मैफलीतली दाद, पंडितांची मुद्रा, समेवर एकदम हलणाऱ्या माना यांची साक्ष त्यांच्यापाशीच उरली आहे.

तानसेनाच्या समाधीपाशी १९२४ साली सुरू झालेल्या उत्सवाला आजही तिकीट नसते. हिवाळ्यातल्या त्या बैठकीला शाळकरी मुलानेही खुशाल जाऊन बसावे.