व्हेनेझुएला कशाने बुडाला?

डिसेंबर 1922 मध्ये माराकायबो सरोवराकाठच्या काबीमास गावाजवळ एका विहिरीतून तेलाचं कारंजं उसळलं आणि कितीतरी दिवस ते कुणाला आवरेना. कॉफी आणि कोको विकून जगणारा व्हेनेझुएला तिथून तेलाचा देश झाला. जगातले सर्वांत मोठे सिद्ध तेलसाठे, सुमारे 300 अब्ज पिंपं, आज त्याच्याच नावावर आहेत. तरीही 2013 नंतरच्या सात-आठ वर्षांत त्याची अर्थव्यवस्था जवळपास तीन चतुर्थांशाने आटली आणि आजवर सत्तर लाखांहून अधिक माणसांनी देश सोडला.

2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले म्हणून हे झालं, असं सांगितलं जातं. पण भाव तर सौदी अरेबियासाठीही कोसळले होते. अमेरिकेच्या निर्बंधांकडे बोट दाखवलं जातं. त्यांनी लोकांचे हाल वाढवले, हे खरंच आहे. मात्र आर्थिक निर्बंध आले ऑगस्ट 2017 मध्ये, तेलावरचे जानेवारी 2019 मध्ये. दुकानांपुढच्या रांगा त्याआधीच्या. माझ्या मते घात झाला तो तेल शंभर डॉलरवर होतं त्या वर्षांत.

तेलाचा पैसा शेतीत, उद्योगात पेरा, असं लेखक आर्तुरो उस्लार पिएत्री यांनी 1936 मध्येच बजावलं होतं. ते कुठल्याच सरकारने मनावर घेतलं नाही, त्यामुळे सगळा दोष ह्यूगो चावेझ यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. 1999 मध्ये ते सत्तेवर आले आणि वस्त्यावस्त्यांत दवाखाने, साक्षरता वर्ग, स्वस्त धान्य पोहोचलं. गरिबी खरोखरच घटली. पण निर्यातीच्या कमाईत तेलाचा वाटा 95 टक्क्यांच्या घरात गेला आणि भरभराटीच्या काळातही कर्ज वाढतच राहिलं. अडीअडचणीसाठी गाठीला काही उरलं नाही.

चावेझ सरकारविरुद्धच्या 2002-03 च्या संपानंतर पेदेवेसा या सरकारी तेल कंपनीतून सुमारे 18 हजार जणांना काढून टाकलं. त्यात अभियंते होते, भूगर्भतज्ज्ञ होते. ओरिनोको खोऱ्यातलं तेल डांबरासारखं घट्ट. नॅफ्था मिसळून पातळ केल्याशिवाय ते नळातून पुढे सरकत नाही. असं तेल काढायला सतत भांडवल लागतं आणि जाणती माणसं लागतात. कंपनीचा पैसा योजनांकडे वळला, दुरुस्त्या रखडल्या. 1998 मध्ये दिवसाला तीस लाख पिंपांहून अधिक असलेलं उत्पादन 2020 च्या मध्यात पाच लाखांच्याही खाली गेलं.

त्याहून खोल जखम डॉलरच्या सरकारी दराने केली. 2003 पासून परकीय चलन सरकारच वाटू लागलं. 2014 अखेरीस अन्न आणि औषधांच्या आयातीसाठी डॉलर 6.30 बोलिव्हारला मिळे, काळ्या बाजारात त्याला शंभराहून अधिक मोजावे लागत. ज्याचा वशिला त्याच्या हाती स्वस्त डॉलर. मग माल कमी आणायचा, बिल फुगवायचं आणि उरलेले डॉलर बाहेर विकायचे. कारखाना चालवण्यापेक्षा हा धंदा कितीतरी किफायतशीर होता.

मक्याच्या पिठाचं बघा. तिथली रोजची भाकरी म्हणजे आरेपा, ती याच पिठाची. पिठाचा भाव सरकारने बांधून दिला, तो खर्चालाही पुरेना. शेतकऱ्यांना बियाणं, खत आणि उधारी देणारी आग्रोइस्लेन्या ही कंपनी 2010 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. पुढे बी-खताचीच टंचाई झाली. पीठ दुकानातून गायब झालं. ओळखपत्राचा शेवटचा आकडा पाहून खरेदीचा वार ठरू लागला. पहाटेपासून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला पीठ मिळेलच याची खात्री नसे, आणि तेच पीठ फेरीवाल्याकडे कैक पटींनी महाग मिळे.

तेलाचा पैसा आटल्यावर चावेझ यांच्यानंतर आलेल्या निकोलास मादुरो यांच्या सरकारने तूट भरून काढायला नोटा छापल्या. 2018 ची महागाई मध्यवर्ती बँकेच्याच आकड्यानुसार 1,30,060 टक्के होती. 2008, 2018 आणि 2021 अशा तीन खेपांत चलनावरून एकूण चौदा शून्यं पुसली गेली.

2019 पासून सरकारने भावनियंत्रण सैल केलं, डॉलरच्या व्यवहारांकडे काणाडोळा केला आणि दुकानं पुन्हा भरली. तो माल डॉलर असणाऱ्यांसाठी. मार्च 2022 मध्ये किमान मासिक वेतन आणि पेन्शन 130 बोलिव्हार ठरली, तेव्हा ती साधारण तीस डॉलरइतकी होती; दोन वर्षांनी तेवढ्याच बोलिव्हारचे चार डॉलरही येत नव्हते.