साडेतीनशे मीटर खालचे तांबे

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रॉक्सबी डाउन्सच्या माळरानावर जनावरांच्या पाण्यासाठी एक तळे खणले होते. १९५६ साली, मेलबर्नला ऑलिम्पिक भरले होते त्या सुमारास. म्हणून त्याचे नाव पडले ऑलिम्पिक डॅम. १९७५ मध्ये वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशनने या तळ्याजवळ ड्रिलिंगचे यंत्र उभे केले, तेव्हा जमिनीवर तांब्याची एकही खूण नव्हती. वर लाल वाळू आणि तिच्याखाली शेकडो मीटर जाडीचे, तांब्याचा मागमूस नसलेले आडवे थर.

मग यंत्र नेमके तिथेच का?

उत्तर सरकारी नकाशांत होते. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय खनिज खात्याने या प्रदेशातले गुरुत्व आणि चुंबकत्व आधीच मोजून ठेवले होते. जमिनीखाली जड खडक असेल, तर वर उभ्या असलेल्या उपकरणावरची ओढ किंचित वाढते. ही वाढ मिलिगॅलमध्ये मोजतात. एक मिलिगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा साधारण दहा लाखावा भाग. उपकरण मीटरभर उंच नेले तरी सुमारे ०.३ मिलिगॅलचा फरक पडतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणाची उंची काटेकोर मोजावी लागते, नाहीतर एखादी टेकडीच खनिजाचे सोंग घेते. चुंबकत्व मात्र विमानातून मोजता येते. शेतात तास धरावेत तशा समांतर रेषांत विमान फिरते आणि मॅग्नेटाइटसारख्या खनिजांमुळे चुंबकीय क्षेत्रात झालेले बदल टिपते.

ऑलिम्पिक डॅमजवळ दोन्ही नकाशांवरचे उंचवटे जवळजवळ एकाच जागी आले होते. कंपनीचे भूवैज्ञानिक डग हेन्स यांचा तर्क असा होता, की जुन्या बेसाल्टमधून तांबे सुटते आणि वरच्या गाळाच्या थरांत साठते. खाली जड आणि चुंबकीय दिसतो आहे तो हाच बेसाल्ट असणार. त्यांचे सहकारी टिम ओड्रिस्कॉल यांनी नकाशांवर लांबलचक भेगरेषा आखून जागा आणखी नेमकी केली.

पहिल्याच विंधनात, सुमारे ३५० मीटर खोलीवर, ३८ मीटर लांबीचा एक टक्क्याच्या आसपास तांबे असलेला खडक लागला. पण तो बेसाल्ट नव्हता! ग्रॅनाइट फुटून, चुरा होऊन त्यात हेमॅटाइट हे लोहखनिज मुरलेला तो खडक होता. जडपणा त्या लोहामुळे आला होता. तर्क चुकला होता, जागा अचूक निघाली. आनंद मात्र फार टिकला नाही. पुढची काही विंधने निराश करणारी होती. १९७६ च्या अखेरीस दहाव्या विंधनात १७० मीटर लांबीच्या सलग खडकात दोन टक्क्यांहून अधिक तांबे मिळाले, तेव्हा कुठे खात्री पटली. आज ही खाण तांबे, सोने आणि चांदी देते, आणि युरेनियमचा जगातला सर्वांत मोठा ज्ञात साठाही हाच आहे. नकाशावरचा उंचवटा फक्त ‘इथे काहीतरी वेगळे आहे’ एवढेच सांगतो. त्याच्या भरवशावर नऊ विंधनांनंतरही दहावे घेणाऱ्यांचा धीर या शोधात उपकरणांइतकाच मोलाचा आहे.

उपग्रहाला हा साठा दिसला नसता. त्याची नजर जमिनीच्या कातडीपुरती. तिथे मात्र ती विलक्षण तीक्ष्ण असते. गरम, खनिजयुक्त पाणी खडकातून वाहून गेले, की मागे चिकणमातीची खनिजे उरतात. ती सूर्यप्रकाशातल्या अवरक्त किरणांचा ठरावीक भाग शोषून घेतात. डोळ्याला सारखेच भासणारे दोन पांढरे खडक त्यामुळे वेगळे ओळखता येतात. २०१५-१६ मध्ये इस्रोच्या विमानातून नासाच्या उपकरणाने राजस्थानातल्या जहाजपूर पट्ट्याची अशीच पाहणी केली. प्रकाशाचे चारशेहून अधिक बारीक पट्टे करून. उघड्याबोडक्या खडकांच्या प्रदेशात ही पद्धत खुलते. सह्याद्रीच्या दाट झाडीत तिला खडकाआधी पानेच दिसतात.

महाराष्ट्राची अडचण तर त्याहून खोल आहे. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टखाली झाकला गेला आहे आणि हा खडक स्वतःच चुंबकीय आहे. खालून येणारी क्षीण हाक त्याच्या गोंगाटात बुडते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला विंधन घेतले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडावा लागला. कोयना परिसरात गोठणे येथे तोच थर बाराशे मीटरहून जाड निघाला. त्याखाली तिथेही ग्रॅनाइटच्या कुळातले प्राचीन खडक लागले. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज आणि गडचिरोलीचे लोहखनिज सापडते ते हे काळे पांघरूण संपते तिथे. पांघरुणाखाली मराठवाड्यात किंवा पश्चिम महाराष्ट्रात काय दडले आहे, याचा माग जमिनीतल्या विद्युतवहनाचा खोलवर वेध घेणाऱ्या मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीने घेता येतो. पुढे काम अर्थातच ड्रिलिंगच्या यंत्राचे.