विहारनौकेचा योगक्षेम

संस्कृतांत 'योगक्षेम' हा एक मोठा मार्मिक शब्द आहे. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें त्याचें नीट रक्षण करणें हा क्षेम. व्यवहारांत मात्र योगाचाच थाट मोठा असतो. वस्तु नवी घेतली म्हणजे पेढे वांटले जातात. तिला दर वर्षीं तेलपाणी केलें म्हणून कोणी पेढे वांटीत नाहीं. परंतु तीच वस्तु विकावयास काढली म्हणजे बाजार आपणांस क्षेमाचाच जाब विचारतो. इंग्लंडांत बांधल्या जाणाऱ्या श्रीमंती यांत्रिक विहारनौकांच्या व्यापारांत हा जाब फार कठोरपणें विचारला जातो, म्हणून त्याची हकीकत वाचकांस बोधप्रद वाटेल.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाकडे डेव्हन परगण्यांत प्लिमथ हें जुनें बंदर आहे. तेथें १९६५ सालीं डेव्हिड किंग व त्यांचे दोन मित्र यांनीं 'मरीन प्रॉजेक्ट्स' या नांवानें लहानसा उद्योग आरंभिला. एकतीस फुटी नौका सज्ज करावी आणि ती सहलीसाठीं भाड्यानें द्यावी, असा त्यांचा बेत होता. पण ती नौका विकली गेली, आणि भाड्यापेक्षां बांधून विकण्याचाच धंदा करावा असें ठरलें. त्यांच्या नौका पुढें 'प्रिन्सेस' या नांवानें प्रसिद्धीस आल्या. २००१ सालीं कारखान्यानेंही तेंच नांव घेतलें. १९८० च्या सुमारापासून बर्नार्ड ओलेसिन्स्की या रचनाकारानें त्यांच्या तळांच्या आकृती आंखल्या. मालकी २००८ मध्यें फ्रेंच भांडवलाकडे आणि २०२३ मध्यें अमेरिकन भांडवलाकडे गेली. परंतु बांधणी प्लिमथमध्येंच राहिली.

याच धंद्यांतील दुसरीं दोन प्रसिद्ध नांवें म्हणजे पूल बंदरांतील 'सनसीकर' व नॉर्दॅम्प्टनशायरमधील 'फेअरलाइन'. पैकीं फेअरलाइनचा कारभार डिसेंबर २०१५ मध्यें दिवाळखोरीच्या व्यवस्थापकांच्या हातीं गेला. नव्या मालकांनीं तो नंतर पुनः चालूं केला. कारखान्यावर असा प्रसंग आला म्हणजे ज्यांनीं पूर्वींच नौका घेतली आहे त्यांचाही जीव टांगणीस लागतो. हमी कोण पाळणार आणि सुटे भाग कोण पुरविणार, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनांत शिरली कीं जुन्या नौकेचा भाव उतरतो. जुन्या वस्तूच्या किंमतींत तिच्या कर्त्याच्या पतीचाही वांटा असतो, तो असा.

नवी नौका घेतल्याबरोबर तिच्या मोलाला उतार लागतो, याचीं कारणें उघड आहेत. ब्रिटनमध्यें २०११ पासून मूल्यवर्धित कराचा दर शेंकडा २० आहे, आणि खासगी गिऱ्हाइकानें भरलेला हा कर त्यास परत मिळत नाहीं. शिवाय पहिला मालक आपल्या हौसेनें उंची कातडें, विशिष्ट लांकूडकाम, नाना प्रकारचीं उपकरणें बसवून घेतो. दुसऱ्याची आवड निराळी. तो या हौसेचे पैसे पुरे देत नाहीं. म्हणून पहिल्या कांहीं वर्षांतला उतार सर्वांत मोठा असतो आणि पुढें तो मंदावतो. तो किती मंदावावा, हें मात्र क्षेमावर अवलंबून. नौकेच्या किंमतीचा सुमारें दहावा हिस्सा दर वर्षीं तिच्या निगराणीस लागतो, असा या धंद्यांत एक ठोकळा हिशेब आहे. धक्क्याचें भाडें, विमा, रंग, यंत्रांची देखभाल हें सर्व त्यांत आलें. खरेदीला पैसा आहे पण या दहाव्या हिश्श्याला नाहीं, अशा मालकाची नौका लवकर म्हातारी होते.

या नौकांचे तळ कांचतंतूंच्या वस्त्रावर कृत्रिम राळ बसवून केलेले असतात. लांकडाप्रमाणें ते कुजत नाहींत, लोखंडाप्रमाणें गंजत नाहींत. म्हणून त्यांना जरा नाहीं अशी अनेकांची समजूत होती. पण वरच्या तकतकीत लेपांतून पाणी अतिसूक्ष्म मार्गांनीं आंत झिरपतें, तेथील द्रव्यांशीं मिसळून आंबट द्रव बनतो आणि तळाला फोड येतात. मग लेप सोलून काढावा लागतो, तळ कित्येक आठवडे, कधीं महिने, वाळवावा लागतो आणि नवे थर चढवावे लागतात. म्हणून जाणता गिऱ्हाईक नौका पाण्याबाहेर काढवून तज्ज्ञाकडून तिची परीक्षा करवितो. तो तज्ज्ञ ओलावा मोजण्याचें यंत्र लावतो आणि लहानशा हातोडीनें जागोजाग तळ वाजवून पाहतो. मडकें वाजवून घ्यावें हा आपला घरगुती नियम लाखो पौंडांच्या नौकेसही चुकलेला नाहीं!

खाऱ्या पाण्यांत भिन्न धातू एकत्र आले म्हणजे त्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन एक धातू झिजतो. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं ब्रिटिश आरमाराच्या गलबतांवरील तांब्याचे पत्रे वांचविण्यासाठीं त्यांस जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ति काढली. तुकडे झिजले, तांबें वांचलें. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषानें जीं शिंपलीं व शेवाळें दूर राहत, तीं आतां तळाला चिकटूं लागलीं. आजच्या नौकांवर ही युक्ति पंखे व त्यांचे दांडे यांसाठीं वापरतात, आणि शेवाळ टाळण्यासाठीं तळास बहुधा तांब्याचा अंश असलेला रंग देतात. हे जस्ताचे तुकडे वेळच्या वेळीं बदलणें हा अगदीं थोड्या खर्चाचा क्षेम आहे. तो चुकविला कीं महाग धातूचा बळी जातो.

याहून गंभीर गोष्ट पाण्याखालच्या झडपांची. साध्या पितळेची झडप खाऱ्या पाण्यांत राहिली तर तिच्यांतील जस्त निघून जातें. बाहेरून ती शाबूत दिसते, पण हाताचा जोर लागतांच मोडते आणि समुद्र आंत येतो. हें ठाऊक असून जो विकणारा गप्प राहतो, तो केवळ पैशांचा व्यवहार करीत नाहीं. पुढें त्या नौकेंत बायकामुलांसह बसणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाशीं खेळतो.

यंत्रें किती तास चाललीं हें मोजणारें घड्याळ नौकेंत असतें. तास फार असले तर गिऱ्हाईक बिचकतो. पण फारच थोडे असले तरी जाणता मनुष्य साशंक होतो. बंद राहिलेल्या यंत्रांत दमटपणा शिरतो, रबरी भाग ताठरतात, तेलाच्या टाकींत पाणी सांचून त्यांत सूक्ष्म जंतू वाढतात. न वापरणें म्हणजे जपणें नव्हे, हा धडा येथें रोकड्या पैशांत मिळतो.

नौकेइतकेच तिचे कागदही तपासावे लागतात. ब्रिटिश नोंदणीच्या पहिल्या भागांत नौकेची मालकी ६४ वांट्यांत मांडलेली असते, आणि तेथें गहाणाचीही नोंद होते. लहान नौकांसाठीं जो तिसरा भाग आहे त्यांतील नोंद सोपी व स्वस्त. परंतु ती मालकीचा पुरावा नव्हे. शिवाय संकटांतून नौका वांचविणाऱ्याचा मोबदला किंवा खलाशांचा थकलेला पगार यांचा बोजा समुद्री कायद्याप्रमाणें नौकेवरच बसतो. मालक बदलल्यानें तो सुटत नाहीं.

कराच्या पावतीचें महत्त्व तर ३१ डिसेंबर २०२० च्या रात्रीं सर्वांस कळलें. त्या रात्रीं ब्रिटन युरोपीय संघाच्या करव्यवस्थेंतून बाहेर पडलें. कर भरलेली जी नौका त्या क्षणीं संघाच्या बंदरांत होती, तिचा तेथील दर्जा टिकला. जी प्लिमथच्या धक्क्यास होती, तिचा गेला. अशी नौका पुढें संघांतील रहिवाशानें घेऊन तिकडे नेली तर आयातीच्या वेळीं कर पुनः द्यावा लागतो. एकाच सांच्यांतून निघालेल्या दोन बहिणी, पण त्या रात्रीं कोण कोठें होती यावरून त्यांच्या मोलांत अंतर पडलें!

प्रत्यक्ष विक्री बहुधा दलालामार्फत होते. भाव ठरल्यावर गिऱ्हाईक सामान्यतः शेंकडा दहा विसार देतो. नंतर आपल्या खर्चानें परीक्षा करवितो व नौका समुद्रांत चालवून पाहतो. मोठा दोष निघाला तर करारानुसार तो भाव कमी मागतो किंवा विसार परत घेऊन निघून जातो. या वेळीं विकणाऱ्याच्या गोड बोलण्याचा उपयोग होत नाहीं. उपयोग होतो तो एका जाड वहीचा, जींत यंत्राचें तेल कधीं बदललें, जस्त कधीं लावलें, झडपा कधीं पाहिल्या, हें तारीखवार लिहिलेलें आहे आणि पावत्या डकवलेल्या आहेत.

आपल्या नशिबीं विहारनौका नसली तरी घर आहे, मोटार आहे, शेतावरचा पंप आहे. त्यांची अशी वही किती घरांत सांपडेल? वस्तु आपल्या हातून दुसऱ्याच्या हातीं जावयाचीच असते, कधीं विक्रीनें, कधीं वारशानें. ती देतांना तिचे गुण-दोष खरेपणानें लिहून देतां येणें, यांत दोन पैसे अधिक मिळतात हें तर खरेंच. पण घेणाराची झोंप शाबूत राहते, हा लाभ त्याहून मोठा आहे.